मोनलचा हात

आमच्या खेळात माणूस पंचविशीत म्हातारा होतो. बोटं मंदावतात, डोळे चुरचुरायला लागतात, आणि मागून आलेली पोरं आपण नीट वळायच्या आत आपल्याला आडवं करून पुढे जातात. त्या हिशेबाने मी म्हातारी होऊन चुकले आहे आणि आठवणी लिहायचा हक्क मला मिळाला आहे, असं मी घरात सांगितलं तर सगळे हसले. बाबा म्हणाले, "माहं राह्यलं बाजूले, अन् तू लिहून राह्यली." पण त्यांचं आयुष्य जसं हळूहळू, सावकाश पिकत गेलं, तसं माझ्या त्या आयुष्याचं झालं नाही. ते मंगरूळपीरच्या आमच्या घरातल्या समोरच्या खोलीत, कॉलेजच्या दोन-तीन वर्षांत सुरू होऊन संपलंसुद्धा. त्यात मी होते, माझी मैत्रीण मोनल होती, आणि तिचा मला वाटणारा हेवा होता. तिघी कायम एकत्र असायचो.

आमचं घर दोन खोल्यांचं आणि वर पत्र्याचं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. संध्याकाळी समोरच्या खोलीत, खाली सतरंजीवर, बारावीची पोरं गणितासाठी येऊन बसत. मागे स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागे, दोन घरं सोडून, मोबाईलचा टॉवर. या टॉवरपायी आईचं शेजाऱ्यांशी बरंच भांडण झालं होतं, कारण त्याचा जनरेटर वीज गेली की रेड्यासारखा घुमायचा. मला मात्र तो देवासारखा होता. गावात इतरांना जिथे एक काडी दिसायची, तिथे आमच्या खाटेवर नेटवर्क भरून वाहायचं. खाटेच्या डोक्याशी बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, पायाशी बाबांच्या पेपरांचे गठ्ठे, आणि मधे मी, बाबांचा जुना मोबाईल आडवा धरून, मांडी घालून. मोबाईल तापला की मी तो ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायची. आई म्हणायची, "त्याले ताप आला काय? सलाईन लाव." तिचं शिवणयंत्र माझ्या पाठीमागे खडखडत असे, त्यामुळे शत्रूच्या पावलांचा आवाज यंत्राच्या आवाजातून वेगळा काढायला मी फार लवकर शिकले.

खेळ असा होता: विमानातून शंभर जण एका बेटावर उड्या मारतात, चार-चारांचे चमू, मिळेल ती बंदूक उचलायची, बेटाचं मोकळं मैदान हळूहळू आकसत जातं आणि शेवटी एकच चमू उरतो. आता पोराटोरांना हे सांगावं लागत नाही. तेव्हाही लागत नव्हतं. मोनलला मात्र मी सांगितलं होतं. तिला हा खेळ मी शिकवला, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे तिच्या मुलाखती आल्या त्यात हे वाक्य कुठे तरी शेवटी, घाईत यायचं.

मोनल मुख्य बाजारातल्या कापडदुकानाच्या शेठची मुलगी. आम्ही पाचवीपासून एका बाकावर. घरचे कडक जैन. दिवे लागायच्या आत जेवणं उरकायची. या एका गोष्टीचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा तिच्या नव्या कोऱ्या मोबाईलचाही वाटला नाही. चमूचा सराव संध्याकाळी असे. त्या वेळी मोनल जेवून, हात धुऊन, बोटांना पावडर लावून मोकळी बसलेली असायची. माझ्या हाताला तेव्हा भाकरीचं पीठ लागलेलं. आम्ही दोघी, एक अकोल्याची आणि एक नागपूरची अशा चौघी मिळून खेळायचो. त्या दोघींचे चेहरे मी पाहिले नव्हते, पण आमच्या कुकरच्या शिट्ट्या त्यांना ओळखू यायच्या. अकोल्याची विचारायची, "आज तुरीची डाळ का वं?" पलीकडून दर्ग्याच्या मशिदीतली अजान सुरू झाली की सगळ्या म्हणायच्या, मंगरूळवाल्या आल्या.

लोकांना वाटतं हा पोरखेळ आहे. आम्ही तो कसा करायचो ते सांगते. रोज खेळाआधी तासभर नुसत्या भिंतीवर गोळ्या. एकच बंदूक, एकच भिंत. गोळी सुटली की नळी वर उसळते, ती अंगठ्याने किती खाली ओढायची हे हाडात भिनेपर्यंत. मग हरलेला डाव परत लावून सावकाश बघायचा. कुठे वळलो, का वळलो, तिथे उभं राहायचं काय कारण होतं. नखं कापलेली हवीत. तळलेलं खाऊन खेळायला बसायचं नाही. बोलायचं तेवढंच, "दोघं, टेकडीच्या डाव्या अंगाला." अगं बाई, मेले, वाचवा, यातलं काही नाही. आणि झोप पुरी घ्यायची, कारण जागरणाने हात आधी मरतो. मला आता नोकरीत कुणी शिस्तीबद्दल सांगायला लागलं की मी ऐकून घेते.

पहिले सहा-आठ महिने मी मोनलपेक्षा चांगली होते. मी सांगायची, ती जायची. मग ती आपोआपच जायला लागली, आणि मी सांगेपर्यंत तिचं काम झालेलं असायचं. मी मनाशी त्याचं कारण ठरवून टाकलं होतं. तिच्या मोबाईलवर चित्र पाण्यासारखं वाहायचं, माझ्या मोबाईलवर ते अडखळत चालायचं. शेवटी मैदान लहान होऊन गर्दी झाली की माझ्या पडद्यावर माणसं उड्या मारल्यासारखी एका जागेवरून दुसऱ्या जागी दिसायची. तिचं जिंकणं मोबाईलचं आहे, हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की त्यात मला चक्क सुख वाटायला लागलं होतं. हेव्याला एक चांगलं कारण मिळालं की तो घरात पाहुण्यासारखा नीट राहतो.

तिच्या घरी हा खेळ कुणाला माहीत नव्हता. तिचे वडील, त्यांना सगळे शेठजी म्हणत, मोबाईलवर खेळणाऱ्या मुलांना वाया गेलेली म्हणत. म्हणून मोनल आमच्याकडे यायची. घरी सांगायची, सरांकडे गणिताला चालले. वही घेऊन यायची आणि खाटेवर माझ्या समोर बसायची. आईला तिचं फार कौतुक. उशीर होणार असला की आई उन्हं असतानाच तिच्यासाठी वेगळी भाजी टाकायची, कांदा नाही, लसूण नाही, आलू नाही. मी एकदा म्हटलं, "माह्यासाठी तर कधी येगळी फोडणी नाई घातली."

आई म्हणाली, "तू सगळंच खाते. तुह्यासाठी कायले घालू?"

पुढे पुण्याच्या एका चमूला एक मुलगी हवी होती. तो मुलींचाच चमू होता, राहायला घर, खेळायला मोबाईल, खुर्च्या, शिकवायला प्रशिक्षक, सगळं त्यांचं. आमचा एक सामना पाहून त्यांच्या प्रशिक्षकांनी आम्हा दोघींना निरोप पाठवला. दोन दिवस चाचणी. त्यांच्या दोन खेळाडू आणि आम्ही दोघी, अशा चौघींनी डाव खेळायचे. दुसरा एक मोबाईल उभा करून त्यात आपले हात दिसतील असं ठेवायचं, म्हणजे लबाडी नाही हे त्यांना कळावं. खेळायला मी बाबांचा मोबाईल घेतला आणि दोघींचे हात दिसतील असा आईचा मोबाईल उभा केला. आईने दोन दिवस यंत्र बंद ठेवलं. तिच्या मानाने ते फार होतं, आणि ते तिने बोलून दाखवलं नाही, म्हणून मला जास्तच धडधडलं.

पहिल्या दिवशी मोनल पुढे गेली. मी वाईट खेळले नाही, पण शेवटच्या गर्दीत पडदा अडखळला आणि मी दोनदा मेले. दुसऱ्या दिवशी शेवटचा डाव राहिला होता. मधे थोडी विश्रांती होती. आई चहा ठेवत होती. बाबा दाराशी खुर्ची टाकून पेपर तपासत होते. मी माझा तापलेला मोबाईल फडक्यात गुंडाळला आणि म्हटलं, "तुह्या मोबाईलवर मी बी अशीच खेळली असती."

हे मी मोठ्याने म्हणेन असं मला वाटलं नव्हतं. मोनलने वर पाहिलं. तिचा चेहरा चिडलेला नव्हता. तिने आपला मोबाईल माझ्या मांडीवर ठेवला. "घे मंग," ती म्हणाली. "दे तुहा इकडं."

"चाचणी हाय, मोनल."

"मायित आहे मले. घे."

तिने हे का केलं, हे मी पुष्कळ वर्षं शोधलं. ती उदार होती म्हणून, की तिला खात्री होती म्हणून. दोन्ही उत्तरांनी माझा जीव सारखाच जळतो. उदार होणं तिला जमत होतं, आणि खात्री असणंही.

आम्ही आपापली खाती एकमेकींच्या मोबाईलवर उघडली आणि विमानातून उडी मारली. मला आठवतं, मी हसले होते. मला गवत दिसत होतं. गवताची पाती वेगवेगळी हलतात हे मला तोवर माहीत नव्हतं. बोट लावलं की मान वळायची, मधे काही अंतरच नव्हतं. मी चांगली खेळले. दोघांना मी पहिल्यांदा पाहिलं, मीच सांगितलं आणि मीच पाडलं. प्रशिक्षक सर कानात म्हणाले, "छान." तिसरा एका पडक्या गोदामामागे पळाला. चित्र इतकं स्वच्छ होतं की मला थांबावंसं वाटेना. मी त्याच्या मागे धावले, आणि त्याचा सोबती बाजूच्या खिडकीत बसलेला होता.

मेलेल्याला आपल्या सोबतिणींचा खेळ बघता येतो. मी मोनलचं चित्र लावलं. आणि समोर खाटेवर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, मोनल स्वतः होती, बाबांचा जुना मोबाईल धरून. म्हणजे मला तिचा खेळही दिसत होता आणि हातही. तिने पहिल्या काही मिनिटांतच इतर दोघींना सांगून टाकलं होतं, "जवळच्या मारामारीत माह्यावर भरवसा नका ठेवू. मी लांबून पाह्यते." जो पडदा गर्दीत अडखळतो त्याने गर्दीत जायचंच नाही. मी त्या मोबाईलवर वर्षभर कुरकुर करत खेळले होते. तिने त्याची खोड एका चहाच्या वेळात ओळखली आणि आपला खेळ त्याप्रमाणे बदलला. ती कडेकडेने राहिली. दोन चमू एकमेकांवर गोळ्या झाडत होते तेव्हा ती एका दगडामागे नुसती बसून होती. माझे अंगठे तिच्या मोबाईलवर आपोआप हलत होते, मार, आता मार. ती मारत नव्हती. मी असते तर तिथे तीनदा मारलं असतं आणि तीनदा मेले असते.

शेवटी पुण्याच्या दोघीही पडल्या. मोनल उरली आणि समोर दोघं. एकाला तिने लांबून घेतलं. दुसरा पळत सुटला आणि त्याच क्षणी पडदा गोठला. तो मोबाईल तसंच करायचा; मला ती घडी ओळखीची होती. त्या घडीला मी नेहमी हात थांबवून, पडदा सुटायची वाट पाहत बसायची. मोनलचा अंगठा थांबला नाही. चित्रात तो माणूस झाडाजवळ अडकून उभा होता, आणि ती झाडाच्या बरीच पुढे, रिकाम्या जागेवर गोळ्या झाडत होती. पडदा सुटला तेव्हा तो माणूस त्या रिकाम्या जागेत पडलेला होता.

बाबा केव्हाचे खुर्चीवरून उठून तिच्या मागे येऊन उभे होते. त्यांनी चष्मा काढला. "चित्र तं थांबलं होतं. मंग मारलं कसं तुनं?"

"सर, चित्र थांबलं," मोनल म्हणाली. "पन तो माणूस पयतच होता ना. तो कायले थांबन?"

मी तिचा मोबाईल तिच्या गुडघ्याशी ठेवला. माझं इतक्या महिन्यांचं कारण त्या आठ-दहा शब्दांत संपलं, आणि हेवा मात्र जागच्या जागी होता. आता त्याला टेकायला काहीच उरलं नव्हतं.

निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मोनलला बोलावलं होतं. सर माझ्याशीही बोलले, चांगले बोलले. म्हणाले, "तुझी नजर छान आहे. पण तुला दिसलं की तू धावतेस." मोनल आमच्याच घरी होती, आणि तिला आनंद व्हायच्या आधी रडू कोसळलं. तेव्हा बाबांना कळलं की तिच्या घरी यातलं काहीच ठाऊक नाही, आणि गेलं वर्षभर ती बाबांच्या गणिताच्या नावावर येत होती. त्यांना वाटत होतं की शेठजींच्या परवानगीने पोरगी थोडं शिकते, थोडं खेळते. त्यांनी सदरा घातला. "माह्या नावानं खोटं गेलं त्यांच्या घरात," ते म्हणाले. "ते मीच जाऊन काढतो." मोनलला त्यांनी आईजवळ बसवलं आणि मला म्हणाले, "तू चाल."

दुकानात लग्नसराईचं गिऱ्हाईक होतं. शेठजींनी बाबांना गादीवर बसवलं, पाणी मागवलं. मोनलला बाबा नीट शिकवतात म्हणून ते नेहमीच मान देत. बाबांनी पाणी तसंच ठेवलं आणि सगळं सांगितलं, खोट्यासकट. शेठजींचा चेहरा उतरत गेला. मोजायची पट्टी हातात घेऊन ते ती नुसती फिरवत राहिले.

"सर, पोरीले मोबाईल खेळाले पुण्याले पाठवू? लोक काय म्हनतीन?"

"लोकाईनं तिचा हात नाई पाह्यला, शेठजी. मी पाह्यला. मी एवढे वर्ष पोरं शिकवून राह्यलो. असा हात मले पयल्यांदा दिसला."

मी बाबांच्या मागे उभी होते. त्यांनी माझ्यासाठी असा कधी कुणापुढे शब्द टाकला नव्हता. शाळेच्या संघाच्या निवडीच्या वेळीसुद्धा नाही. आपल्या पोरीसाठी बोलणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. शेठजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मग बाबांकडे.

"तुमची पल्लवी बी खेळते म्हनता. तुमच्या पोरीले पाठवलं असतं का तुमी?"

"पाठवलं असतं," बाबा म्हणाले. "तिले बोलावलं नाई."

गिऱ्हाइकापुढे साडी उलगडणारा माणूस क्षणभर थांबला. माझे कान तापले. बाबा खरंच बोलले होते आणि त्या खरेपणानेच शेठजी वळले, हे मला तिथेच दिसलं. ज्याला स्वतःच्या पोरीबद्दल असं बोलता येतं तो दुसऱ्याच्या पोरीबद्दल वाढवून कशाला बोलेल. शेठजींनी पट्टी खाली ठेवली. सुरुवातीला मोनलची आई सोबत राहील, जेवणखाण घरच्या रीतीने होईल आणि कॉलेजच्या परीक्षा सुटणार नाहीत, या बोलीवर ते तयार झाले. बाबा तेव्हा कुठे पाणी प्यायले.

परत येताना बसस्टँडपाशी मानोऱ्याला जाणारी गाडी वळण घेत होती म्हणून आम्ही थांबलो. बाबांनी विचारलं, "राग आला का?"

"नाई."

"आला तरी चालते," ते म्हणाले, आणि गाडी गेल्यावर रस्ता ओलांडला.

मोनल गेली. मी खेळत राहिले. तिची जागा भरायला चमूत दुसरी आली, मग अकोल्याच्या मुलीचं लग्न ठरलं, मग नवा चमू. बाबांनी न सांगता मला चांगला मोबाईल घेऊन दिला, आणि तो हातात घेताना मला रडू आलं, ते आनंदाचं आहे असं आईला वाटलं. मी आणखी दोन चाचण्या दिल्या. दुसरीत निवड झाली, एका लहान चमूत, एका हंगामापुरती. मोनलच्या चमूशी आमचा एकच सामना पडला. तिने मला पाडलं नाही. तिच्यापर्यंत मी पोहोचलेच नाही. नंतर मी परीक्षा दिल्या, वाशीमला नोकरी लागली, आणि संध्याकाळी भाकरीचं पीठ मळताना मला कुणी हाक मारेनासं झालं.

मोनल चार वर्षं खेळली. तिचा चमू देशातली मोठी स्पर्धा जिंकला तेव्हा शेठजींनी दुकानात मोठा पडदा लावला होता आणि मंगरूळ तिथे लोटलं होतं. खेळात ती एका भिंतीआड बसून होती, तेव्हा लोक ओरडत होते, बसून कायले राह्यली. मी ओरडले नाही. मला ठाऊक होतं ती कशाची वाट पाहते आहे. ती उठली आणि तिने सामना घेतला. शेठजींनी सगळ्यांना पेढे दिले, मलाही, दोन.

गेल्या दिवाळीत ती घरी आली ती कायमचीच खेळ सोडून. उजव्या अंगठ्याची शीर गेली आहे, डॉक्टरांनी मनगटापर्यंत पट्टा बांधला आहे. आता ती पुण्यात नव्या मुलींना शिकवणार. आमच्याकडे जेवायला आली, उन्हं असतानाच. आईने बिनकांद्याची भाजी केली होती. मोनलला डाव्या हाताने भाकर मोडता येईना, तेव्हा मी तिच्या ताटातली भाकर मोडून दिली. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

"तुहे अंगठे नाई दुखत का कधी?" तिने विचारलं.

"नाई," मी म्हटलं. "कधीच नाई दुखले."

"बरं आहे," ती म्हणाली, आणि जेवायला लागली. मला तिच्या पट्ट्यावरून नजर काढता येईना. सुती, मळकट, बोटांशी विरलेला पट्टा होता तो. तो माझ्या हाताला असता तर मी तो धुवायलासुद्धा काढला नसता.